व्हेरी गुड

पाहुणे दहाला येणार होते. खेमराज गुरुजी आंघोळ करून बाहेर आले, तर फुलवंताबाई टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारातच उभ्या.

"टॉवेल मंग भेटन. आंदी कबूल करा."

"काय कबूल करू?"

"आज पोराच्या इंग्रजीवर एक शब्द बोलाचा नाई. तो कसाबी बोलू दे, चुकला तं चुकला. तुमी फक्त हो-हो करा."

"मी कायले बोलू?"

"शब्द द्या."

अंगावरून पाणी निथळत होतं. गुरुजींनी शब्द दिला.

फुलवंताबाईंचं काही चुकत नव्हतं. गुरुजींनी सारा जन्म गोंदियाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन ते कामठ्याच्या घरी येऊन राहिले, तरी चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की भातात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. आणि खडा लागल्यावर ते गप्प बसत नसत. दुर्गेश्वरीची दोन स्थळं त्यातच गेली होती. तिरोड्याचा मुलगा "आय पास्ड आऊट इन टू थाउजंड थ्री" म्हणाला. त्याला सांगायचं होतं की मी दोन हजार तीन साली डिग्री घेतली. गुरुजींनी त्याला विचारलं, "मग शुद्धीवर कधी आले?" पास्ड आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं, हे समजावून सांगेपर्यंत मुलाचे वडील चपला घालत होते. दुसऱ्या वेळी बालाघाटकडच्या एका पाहुण्याने सोबतच्या माणसाची ओळख "माय कझिन ब्रदर" अशी करून दिली. कझिनला पुढे ब्रदर जोडत नाहीत, कझिन तो कझिन आणि ब्रदर तो ब्रदर, असं गुरुजींनी सांगितलं. पाहुण्याला वाटलं, हा आमच्या भावाला भाऊ मानत नाही. तेही स्थळ गेलं.

आता दुर्गेश्वरी सत्तावीस वर्षांची होती आणि फुलवंताबाईंची झोप उडाली होती.

दुर्गेश्वरी परीक्षा देऊन कृषी सेवक झाली होती. नेमणूक सालेकसा तालुक्यात. सकाळी स्कूटीने गोंदिया स्टेशन, तिथून पॅसेंजरने दरेकसा, आणि पुढे डोंगरातल्या गावांमध्ये मिळेल त्या गाडीने, नाही मिळाली तर पायी. नोकरीच्या अर्जाचं इंग्रजी गुरुजींनी तीनतीनदा तपासलं होतं. नोकरी लागल्यावर ती दिवसभर तिथे काय करते, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ती संध्याकाळी दमून यायची, जेवायची आणि झोपायची.

हे स्थळ फुलवंताबाईंचा भाऊ मुन्नालाल याने आणलं होतं. मुलगा प्रफुल बिसेन, इंजिनिअर, रायपूरच्या एका कंपनीत. वडील लखनलाल यांचं गोंदियात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आपल्याच पोवार समाजातले, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. दोन्हीकडच्या चौकशा झाल्या होत्या. लखनलाल फोनवर म्हणालेही होते, "लड़की पसंद आयी तो वहीं नारियल दे देंगे." म्हणजे मुलीला कुंकू लावून ओटीत नारळ घातला की गोष्ट पक्की. मग मागे फिरणं नाही.

पाहुणे साडेदहाला आले. मे महिना होता. बैठकीत कूलर घरघरत होता, तरी लखनलाल सारखे रुमालाने मान पुसत होते. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मांडीवर एक मोठी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. ती पाहून फुलवंताबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पोहे-गुलाबजाम झाले, चहा आला. दुर्गेश्वरी ट्रे ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. सुशीलाबाईंनी तिला स्वयंपाकाचं विचारलं, तिने नीट उत्तरं दिली. प्रफुल तिच्याकडे बघायचा आणि लगेच कूलरकडे बघायचा.

मग लखनलाल हसत म्हणाले, "बेटा, गुरुजी अंग्रेजी के मास्टर हैं. उनसे अंग्रेजी में बात कर. उनको भी लगे, दामाद पढ़ा-लिखा है."

फुलवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

प्रफुल सावरून बसला. "गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ प्रफुल बिसेन."

गुरुजींची बोटं लाकडावर रुतली. आपलं नाव सांगताना 'मायसेल्फ' म्हणत नाहीत, हे त्यांनी पाचवीच्या पोरांना किती वेळा घोकून घेतलं असेल. ते म्हणाले, "गुड मॉर्निंग."

"आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स. बोथ आर मॅरीड. आय डिड माय इंजिनिअरिंग फ्रॉम नागपूर. देन वन ऑफ माय फ्रेंड टोल्ड मी अबाऊट धिस कंपनी."

'हॅविंग' ऐकताच गुरुजींच्या कपाळावर शीर उभी राहिली. असण्याला हॅविंग लावायचं नाही, आय हॅव म्हणायचं. सगळ्या चुकांमध्ये त्यांना सगळ्यात जास्त खुपणारी चूक हीच. बाकीच्या ते कसेबसे गिळत, ही घशात अडकायची. त्यात 'वन ऑफ माय फ्रेंड'. अरे, मित्रांपैकी एक, तर मित्र अनेक नकोत का? त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

मुन्नालाल त्यांच्या शेजारीच होता. तो कानाशी कुजबुजला, "जिजाजी, पानी पिऊन घ्या."

गुरुजी पाणी प्याले. प्रफुलला आता धीर आला होता. त्याचं इंग्रजी वेग घेऊ लागलं. कंपनीचा माल कुठे जातो, साहेब आऊट ऑफ स्टेशन असले की सगळं काम आपल्यावर कसं पडतं, परवाची मीटिंग प्रीपोन कशी झाली. गुरुजी प्रत्येक वाक्याची वाट बघत होते, आणि वाक्य आलं की त्यातला खडा तेवढा त्यांना लागत होता. बाकीचं कुठे जात होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचं सगळं बळ तोंड बंद ठेवण्यात जात होतं.

एवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. कूलर थांबला आणि खोली एकदम शांत झाली. बाहेर अंगणात कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

लखनलालांनी मुलाकडे बघून भुवया उंचावल्या. प्रफुलने घसा खाकरला. या वेळी तो जरा सावकाश बोलला, पाठ करून आल्यासारखा.

"सर, वन थिंग. आफ्टर मॅरेज शी हॅज टू लीव्ह द सर्व्हिस. वी आर नॉट हॅविंग सर्व्हिस लेडीज इन अवर फॅमिली. होप यू आर नॉट हॅविंग एनी ऑब्जेक्शन."

दोनदा हॅविंग. एका दमात दोनदा. गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. हात वर उचलला गेला, तर्जनी पुढे आली, वर्गात यायची तशी. दारात फुलवंताबाईंनी श्वास रोखला. मुन्नालालने डोळे मिटले.

गुरुजींनी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. आणि हसून म्हणाले, "व्हेरी गुड."

फुलवंताबाईंचा श्वास सुटला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'व्हेरी गुड' कळलं. मुन्नालालला तेवढंच कळलं. गुरुजींना स्वतःचा अभिमान वाटला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जणू म्हणत होते, बघ, तुझ्यासाठी किती गिळलं.

दुर्गेश्वरी त्यांच्याकडेच बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने एकदा प्रफुलकडे पाहिलं, पुन्हा वडिलांकडे पाहिलं, आणि उठून आत गेली.

"लाजली पोरगी," मुन्नालाल म्हणाला.

"अच्छा हुआ, बात साफ हो गयी," लखनलाल म्हणाले. "गुरुजी, सच बोलूं, हमको यही एक डर था. आपने एक शब्द में निपटा दिया. चलो, सुशीला, निकालो."

सुशीलाबाईंनी पिशवीतून नारळ काढला, साडी काढली, कुंकवाची डबी काढली. फुलवंताबाई पाट मांडायला धावल्या. "तिले बलावून आना," त्यांनी गुरुजींना सांगितलं. त्यांच्या आवाजात इतकं प्रेम गुरुजींनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

ते आत गेले. दुर्गेश्वरी मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीला टेकून उभी होती.

"चल बाई. पाट मांडला."

"बाबूजी, तुमचं आंदीच ठरलं होतं का?"

"काय ठरलं होतं?"

"माह्या नोकरीचं."

"नोकरीचं काय?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तो आत्ता काय म्हनला?"

गुरुजी आठवू लागले. "तो म्हनला... दोन वेळा हॅविंग म्हनला. नॉट हॅविंग, आनि परत नॉट हॅविंग. पन मी एक शब्द बोललो नाई, दुर्गा. तुझ्या मायले विचार."

"बाबूजी, तो म्हनला, लग्नानंतर नोकरी सोडा लागन. आमच्या घरात बाया नोकरी करत नाईत. तुमाले काई हरकत आहे का म्हून विचारलं त्यानं. आनि तुमी व्हेरी गुड म्हनले."

गुरुजींना ते वाक्य आठवलं. शब्द सगळे तिथेच होते, कानात ठेवल्यासारखे, ओळीने. अर्थ आत्ता आला. त्यांनी भिंतीला हात लावला.

"मी ऐकलंच नाई," ते म्हणाले.

"तुमाले इंग्रजी येते. मायले येत नाई, मामाले येत नाई. त्या खोलीत माह्याकडून तुमीच होते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. "आता कुंकू लागलं का मंग मी काय बोलू?"

बाहेरून फुलवंताबाईंची हाक आली. "झालं का? सारे वाट पाहून राहिले."

"तुले नोकरी सोडाची नाई?" गुरुजींनी विचारलं.

"हे तुमी मले आज विचारून राहिले?"

गुरुजी वळले आणि बाहेर आले. पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढून झाली होती. सुशीलाबाईंच्या हातात डबी उघडी होती. सगळ्यांनी त्यांच्या मागे दुर्गेश्वरी येते का ते पाहिलं. ती आली नाही.

"लखनलालजी," गुरुजी म्हणाले, "थांबा जरा. आत्ता कुंकू नको."

फुलवंताबाई झटकन पुढे आल्या आणि त्यांनी गुरुजींचं मनगट धरलं. "तुमी सकाळी शब्द देल्ला." त्या दातओठ खाऊन, पण हळू आवाजात बोलत होत्या. "देवाच्यान, आता नका काढू त्याची चूक. हात जोडतो."

"चूक नाई काढत."

लखनलाल खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा बदलला होता. "मुन्नालालने मुझे बताया था, गुरुजी को आदत है. बोलो, क्या गलत बोला मेरे लड़के ने? सबके सामने बोलो."

"त्याच्या इंग्रजीचं मी काई बोलत नाई. तो नोकरीचं म्हनला, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी व्हेरी गुड म्हनलो, ते मी परत घेतो. पोरीचा विचार घेतल्याबिगर मले हो म्हनता येत नाई."

"ध्यान में नहीं आया?" लखनलाल हसले, पण त्यात हसू नव्हतं. "तीस साल अंग्रेजी पढ़ाई और इतना ध्यान में नहीं आया? हम क्या बच्चे हैं?"

गुरुजींच्या कानशिलाला घाम सुटला. खरं सांगितलं तर हसू होणार आणि खोटं सांगायला काही सुचत नव्हतं. "मी चुका मोजत होतो," ते म्हणाले. "तो काय सांगून राहिला ते ऐकत नव्हतो. तुमाले खोटं वाटन, पन असंच झालं."

प्रफुलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मुन्नालालने कपाळावर हात मारला.

"नोकरी?" फुलवंताबाईंनी विचारलं. त्यांना आत्ता कुठे काय ते समजत होतं. "नोकरीचं काय झालं?" मुन्नालालनेही मान हलवली, त्यालाही माहीत नव्हतं. गुरुजींनी त्यांना मराठीत सांगितलं. फुलवंताबाई एकदा नारळाकडे, एकदा आतल्या दाराकडे बघत राहिल्या. "ते लग्न झाल्यावर पाहता येईन ना," त्या शेवटी म्हणाल्या. "आताच काऊन काढता? पुढं मन वळते मानसाचं."

"पुढं नाई वळत, माय," दुर्गेश्वरी दारात येऊन उभी राहिली होती. "पुढं मलेच वळा लागन."

 बंद खोलीत उकाडा साचला होता. ती सरळ प्रफुलसमोर आली.

"तुमी मघाशी इंग्रजीत बोलले," ती म्हणाली. "आता आपल्या बोलीत सांगा. मले सांगा. मी नोकरी काऊन सोडाची?"

प्रफुलने वडिलांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं नका पाहू."

"नाही, म्हणजे..." तो अडखळला. इंग्रजीत इतकं सरळ आलेलं वाक्य त्याला मराठीत जुळेना. "तो भाग जंगलाचा आहे. नक्षलवाद्यांचा. तुम्ही एकट्या फिरता. लोक घरी विचारतात."

"मी दोन वर्सांपासून फिरून राहिली. मले काई झालं नाई. गोंदियात बदली झाली तं चालन?"

प्रफुल बंद कूलरकडे बघू लागला.

"रायपूरले एखादी नोकरी भेटली तं?"

"घरचे म्हणतात, बायकांनी..." त्याने मान खाली घातली. "माझं स्वतःचं तसं काही नाही. पण घरात मोठ्यांचं ऐकावं लागतं."

"मंग मघाशी काऊन नाई सांगतलं असं? मघाशी तं कायदाच सांगतला."

लखनलाल उठले. "बस हो गया. लड़की बहू बनके आने से पहले लड़के की गवाही ले रही है. उठो, सुशीला."

सुशीलाबाई नारळ पिशवीत ठेवू लागल्या. साडी आत जाईना, तेव्हा त्यांनी ती पुन्हा घडी केली. जाता जाता त्या दुर्गेश्वरीजवळ क्षणभर थांबल्या. काही बोलायचं असावं, पण लखनलालांनी बाहेरून हाक मारली आणि त्या गेल्या. जीप सुरू झाली. मुन्नालाल जीपच्या मागे चार पावलं धावला, मग परत आला आणि चप्पल न काढताच बैठकीत उभा राहून म्हणाला, "जिजाजी, आता यापुढं मले स्थळ पाहाले सांगू नका."

तोही गेला. तासाभराने लाइट आली आणि रिकाम्या बैठकीत कूलर आपोआप सुरू झाला.

 उरलेले गुलाबजाम फुलवंताबाईंनी शेजारी वाटले. गुरुजी ओसरीत बसून राहिले. संध्याकाळी दुर्गेश्वरी त्यांच्यासाठी चहा घेऊन आली, कप ठेवला आणि वळली.

"बस ना," गुरुजी म्हणाले.

ती बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

"तू तिथं काय करते दिवसभर?"

"आज काऊन विचारून राहिले?"

"विचाराचं राहून गेलं."

 तिचा राग गेला नव्हता, आणि तो जावा म्हणून गुरुजींना काही सुचत नव्हतं. मग ती हळूहळू सांगू लागली. आधी तुटक, मग जरा सलग. कुठल्या गावात लोकांनी जुनंच बियाणं धरून ठेवलंय, कुठे पीक विमा कुणाला समजावून सांगता येत नाही, कुठल्या टोल्यावरच्या लहानशा वस्तीतली म्हातारी तिला दरवेळी मोहफुलं बांधून देते आणि ती माहेरवाशिणीसारखी घेऊन येते. गुरुजी ऐकत होते. मध्येच ती दोन वाक्यं हिंदीत बोलली, एक अर्धं छत्तीसगढीत. ती कशात बोलतेय हे गुरुजींच्या फार उशिरा लक्षात आलं.

पाचसहा दिवसांनी प्रफुलचा फोन आला. दुर्गेश्वरी अंगणात जाऊन बोलली. तो म्हणत होता की घरी समजावून बघतो, थोडा वेळ द्या. "आंदी समजावा," तिने सांगितलं, "मंग फोन करा." परत फोन आला नाही. वर्षभराने त्याचं लग्न भंडाऱ्याकडच्या मुलीशी झाल्याचं मुन्नालालकडून कळलं. मुन्नालाल तोपर्यंत पुन्हा घरी येऊ लागला होता.

फुलवंताबाईंचा राग लवकर गेला नाही. त्या गुरुजींशी बोलत, पण कामापुरतं. एकदा भात वाढताना मात्र त्या म्हणाल्या, "तुमी बोलले नसते तं झालं असतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आनि झालं असतं तं ती त्यांच्या घरात बसून राहिली असती, नाई का?" गुरुजींनी मान डोलावली. 

त्याच वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी गुरुजी दुर्गेश्वरीबरोबर पॅसेंजरने दरेकशाला गेले. तिने नको म्हटलं होतं, तरी गेले. स्टेशनवरून एका ट्रॅक्टरमध्ये बसून ते एका छोट्या गावात पोहोचले. समाजमंदिरासमोर पंधरावीस माणसं आणि थोड्या बाया बसल्या होत्या. दुर्गेश्वरीने एका घमेल्यात पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवलं आणि धानाचं बियाणं ओतलं. हलकं, पोचट बी वर तरंगलं, भरलेलं खाली बसलं.

"ये ऊपर वाला निकाल के फेंकना," ती सांगत होती, "नीचे वाला दो बार साफ पानी से धोके छाव में सुखाना."

एका म्हाताऱ्याने मध्येच काहीतरी विचारलं. त्याची बोली गुरुजींना कळली नाही. गोंडी असावी. दुर्गेश्वरीला पण सगळी कळली नसावी, कारण ती घमेलं सोडून त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा, फिर से बोलो. धीरे बोलो."

म्हातारा पुन्हा बोलला. हातवारे करत, बराच वेळ. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. गुरुजी मागे, बायांच्या रांगेच्या शेवटी बसले होते. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हातारा काय म्हणतोय ते कळतं का, म्हणून पुढे वाकून ऐकू लागले.